ऑफिस पुण्यात, मी लिव्हरपूलला, कापूस घरात

लिव्हरपूल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? फुटबॉल, नाहीतर बीटल्स. ऑफिसातल्या दहाजणांना विचारून बघा. नऊजण यातलंच एक सांगतील आणि दहावा विचारेल, 'लंडनच्या जवळच ना?' (नाही हो. ट्रेनने सव्वादोन तास.) माझ्या माहेरी, म्हणजे जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या छोट्याशा गावात, लिव्हरपूलची ओळख मात्र तिसरीच आहे. तिथे ते 'कापसाचा भाव निघतो ते गाव' आहे! ते कसं, हे सांगतेच. पण आधी माझ्या नोकरीचा आणि या शहराचा फंडा समजून घ्या.

माझा नवरा धुळ्याचा, डॉक्टर. २०२२ च्या सप्टेंबरात त्याला इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही चार बॅगा, एक कुकर आणि पाच किलो कळण्याचं पीठ घेऊन इथे उतरलो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. माझी कंपनी कागदोपत्री लंडनची, टीम पुण्यात बाणेरला, आणि माझा लॅपटॉप एगबर्थ नावाच्या उपनगरातल्या आमच्या किचनच्या टेबलावर. आम्ही इथल्या कंपन्यांचे पगार काढणारं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे कुणाचा तरी पगार बरोबर निघाला की नाही, हे मी त्या माणसाचं तोंडही न बघता तपासते.

'रिमोट वर्किंग' ऐकायला एकदम कूल वाटतं ना? समुद्र, कॉफी, मांडीवर लॅपटॉप... प्रत्यक्षात हिवाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतो. पुण्यातलं दुपारी बाराचं स्टँडअप म्हणजे इथले सकाळचे साडेसहा. बाहेर मिट्ट काळोख. डिसेंबरात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि चार वाजायच्या आत घरी जातो, सरकारी नोकरीत असल्यासारखा. वरून चांगला टॉप, खाली पायजमा, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, असा माझा ड्रेसकोड. पुण्याची मंडळी 'चला, बाय!' म्हणून लॉगऑफ होतात तेव्हा माझ्याकडे जेमतेम जेवायची वेळ झालेली असते. मग उरलेला दिवस लंडनवाल्यांचा. उन्हाळ्यात बरं असतं. घड्याळ तासभर पुढे सरकतं, फरक साडेचार तासांवर येतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊलाही बाहेर लख्ख उजेड! बावीस डिग्री झाले की इथले लोक शर्ट काढून सेफ्टन पार्कात लोळतात. जळगावचा मे महिना काढलेल्या माणसाने ते बघून नुसतं गालात हसायचं.

पहिल्या हिवाळ्यात मात्र हसू येत नव्हतं. नवऱ्याच्या नाइट ड्युट्या चालू होत्या. स्क्रीनवर दिवसभर बाराजण बोलायचे आणि लॅपटॉप मिटला की घरात फ्रिजचा आवाज. एकदा हिशेब केला, तर सलग चार दिवस मी बस ड्रायव्हर सोडून कुणाशीही समोरासमोर बोलले नव्हते. बस ड्रायव्हर मात्र बोलतो बरं का! इथल्या माणसांना 'स्काउझर' म्हणतात. त्यांची बोली इतकी सुरात आणि इतकी भरधाव, की पहिले दोन महिने मी फक्त मान डोलवायचे. ओळख ना पाळख, पण सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, आणि बसमधून उतरताना झाडून सगळे ड्रायव्हरला 'टा' म्हणजे थँक्यू म्हणतात. भारी गोष्ट 'बॉस' असते. ही बोली लंडनवाल्यांना कळत नाही याचा त्यांना कोण अभिमान! अहिराणी बोलणाऱ्यांना पुण्यात जे ऐकून घ्यावं लागतं ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे लोक लगेच आवडतील.

तर त्या फ्रिजच्या आवाजाला कंटाळून मी घराबाहेर ऑफिस शोधायला निघाले. बाल्टिक ट्रँगल नावाच्या भागात जुन्या गोदामांमधून स्टार्टअपवाल्यांनी जागा घेतल्यात. विटांच्या भिंती, लोखंडी खांब, एकदम हॅपनिंग. पण टेबलाचं भाडं ऐकून मी सरळ सेंट्रल लायब्ररी गाठली. विल्यम ब्राउन स्ट्रीटवर. फुकट. वायफाय आहे, ऊब आहे, आणि तिथली पिक्टन रीडिंग रूम म्हणजे... भन्नाट! १८७९ सालची पूर्ण गोल खोली, चहूबाजूंनी छतापर्यंत पुस्तकं. कॉल घ्यायचा असेल तर बाहेर यावं लागतं, पण टेस्ट केसेस लिहायला यापेक्षा झकास जागा मी तरी बघितलेली नाही.

या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो विल्यम ब्राउन कोण? मोठा व्यापारी. १८६० साली उघडलेल्या मूळ लायब्ररीचा खर्च त्यानेच दिला. आणि त्याचा पैसा कशातला? मुख्यतः अमेरिकेतल्या कापसातला. हे वाचलं आणि माझी खान्देशी मान ताठ झाली. कापूस? मग बोला!

त्यानंतर मला या शहरात जिथे तिथे कापूसच दिसायला लागला. टाउन हॉलच्या मागे एक्स्चेंज फ्लॅग्ज नावाचा फरसबंद चौक आहे. एकोणिसाव्या शतकात कापसाचे दलाल तिथे उघड्यावर उभे राहून सौदे करायचे, पावसात, वाऱ्यात. १८४१ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली. १९०६ मध्ये ओल्ड हॉल स्ट्रीटवर टोलेजंग कॉटन एक्स्चेंज उभं राहिलं. त्याचं देखणं दर्शनी तोंड १९६७ मध्ये पाडलं. मागचा भाग शिल्लक आहे, त्यात आता साधी ऑफिसं आहेत. आणि बीटल्सच्या फॅन्सनी ही गोष्ट लिहूनच ठेवा: पॉल मॅकार्टनीचे वडील जिम हे याच बाजारातले कापसाचे सेल्समन होते. चौदाव्या वर्षी नमुने वाहणारा पोऱ्या म्हणून ते एका कापूस पेढीवर लागले होते. म्हणजे बीटल्सच्या घरातही चूल कापसावरच पेटायची.

आता थोडी हिस्टरी. कंटाळू नका, यात आपलं गाव येतं.

१८६० पर्यंत लँकेशरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा. तो पिकवायचे गुलाम, आणि उतरायचा तो लिव्हरपूलच्या धक्क्यावर. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या बंद पडायला लागल्या. लिव्हरपूलमधल्या बऱ्याच बड्या धेंडांचं मन गुलामवाल्या दक्षिणेकडेच होतं. दक्षिणेची 'अलाबामा' ही कुप्रसिद्ध युद्धनौका तर नदीपलीकडे बर्कनहेडलाच बांधली गेली, १८६२ मध्ये. कापूस हवा तर आणायचा कुठून? सगळ्यांच्या माना हिंदुस्थानाकडे वळल्या. जीआयपी रेल्वे नेमकी त्याच वर्षांत खान्देशातून पुढे सरकत होती. जळगाव हे तोवर तसं बेताचंच गाव. बघता बघता कापसाची मोठी पेठ झालं. बैलगाड्यांमधून कापूस जळगावला, तिथून रेल्वेने मुंबईला, आणि मुंबईहून जहाजाने अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला, कारण सुएझ कालवा उघडला तो १८६९ मध्ये. भाव तिप्पट-चौपट झाले. मुंबईत पैशांचा पाऊस पडला आणि शेअर्सचं वेड लागलं.

इथल्या गिरणी कामगारांना मात्र आपला कापूस मुळीच आवडायचा नाही. पश्चिम हिंदुस्थानातल्या सरसकट सगळ्या कापसाला ते 'सुरत' म्हणायचे. आखूड धागा, भरपूर कचरा, सारखा तुटणारा. 'सुरत' ही शिवीच झाली. मँचेस्टरजवळच्या एका बिअर कंपनीला कुणीतरी 'सुरतवाले' म्हटलं, तर १८६३ मध्ये ती अब्रूनुकसानीचा दावा ठोकायला कोर्टात गेली! हे मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, "कचरा दलाल टाके व्हई." कचरा दलाल टाकत असेल. शेतकरी कसा टाकेल?

आणि मग १८६५. एप्रिलमध्ये दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली. ही बातमी अटलांटिक ओलांडून जहाजाने लिव्हरपूलला आली, लिव्हरपूलहून मुंबईला, आणि भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, भलेभले रस्त्यावर आले. त्या पडझडीत जळगावही चांगलंच पोळलं. विचार करा: लढाई व्हर्जिनियात, भाव लिव्हरपुलात, आणि डोक्याला हात लावून बसलाय कोण, तर तापीकाठचा एक माणूस, ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही. आपण समजतो रिमोट वर्किंग कोविडमध्ये आलं. एक्स्चेंज फ्लॅग्जवरचे ते टोपीवाले दलाल खान्देशचं पान न बघता खान्देशचा हंगाम ठरवत होते.

जळगाव पुढे सावरलं. १८७० च्या दशकात तिथे स्वतःची खान्देश मिल उभी राहिली. आता स्टेशनजवळच्या त्या जागेवर मॉल आहे, तुमच्यापैकी कुणी जळगावचे असाल तर तिथे पिझ्झा खाल्लाच असेल.

पण खरी गंमत पुढेच आहे. आज लिव्हरपूलच्या धक्क्यांवर कापसाची एक गाठ दिसत नाही. १८४६ चं अल्बर्ट डॉक सेल्फीसाठी, १९०१ चं तंबाखूचं अवाढव्य गोदाम फ्लॅट्ससाठी, आणि ब्रॅम्ली-मूर डॉकवर २०२५ पासून एव्हर्टनचं नवं कोरं स्टेडियम. कापूस गेला. पण कापसाचे नियम इथेच राहिले! त्या १८४१ च्या दलालांच्या संघटनेचं २००४ मध्ये इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन असं बारसं झालं. जगात देशोदेशी जो कापूस विकला जातो, त्यातले बहुतेक सौदे आजही तिच्या नियमांनी होतात, आणि भांडण झालं तर लवादही तिचाच. शिवाय कापसाचा जागतिक भाव म्हणून जो आकडा सगळे मानतात, तो 'कॉटलुक ए इंडेक्स', तो काढणारी कंपनी मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेडला आहे. माझ्या घरापासून नदीपलीकडे बोट दाखवावं, इतकं जवळ.

हे मी नानांना सांगितलं तो दिवस २०२२ च्या दिवाळीनंतरचा. वेळ अशी होती की आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चाळीस क्विंटल कापूस भरलेला होता.

खान्देशातल्यांना त्या वर्षाचं सांगायला नको. आदल्या हंगामात कापसाने दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता, नंतर त्याच्याही बराच वर गेला होता. 'पांढरं सोनं' वगैरे जे पुस्तकात वाचतो ते त्या वर्षी खरं झालं होतं. साहजिकच २०२२ च्या नव्या हंगामात नऊ हजारांच्या आसपास भाव निघाल्यावर घरोघरी एकच विचार: थांबू या, वाढेल. सगळ्या जिल्ह्यात लोकांनी कापूस घरात भरला. पुढची खोली, माळा, गुरांचा गोठा, जिथे जागा मिळेल तिथे. घरात कापूस म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही. अंगाला खाज, बारीक किडे, नाका-तोंडात तंतू, आणि कुणी बिडी पेटवली तर जिवाला घोर. आई मागच्या खोलीत झोपायची आणि रोज फोनवर 'जेवन व्हयनं का?' विचारल्यावर दुसरं वाक्य कापसाचंच.

नानांनी इंडेक्सची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, "तठे कापूस पिकस का?" तिथे पिकतो का? म्हटलं, नाही नाना, इथे बटाटेसुद्धा कण्हत-कुथत येतात. "पिकत नही, मंग भाव तठला लोके कसा काय ठरावतस?"

बाणेरच्या कुठल्याही सीनियर मॅनेजरला मी याचं उत्तर पीपीटीसकट देऊ शकले असते. की हा भाव कुणी ठरवत नाही, वेगवेगळ्या देशांच्या कापसाचे आशियाई बंदरात पोहोच असे जे दर व्यापारी देतात, त्यातल्या सर्वांत स्वस्त पाचांची सरासरी काढतात. ती पौंडाला अमेरिकन सेंटमध्ये. जळगावचे व्यापारी रुईचा भाव खंडीत बोलतात, एक खंडी म्हणजे ३५६ किलो. आणि नाना विकतात तो सरकीसकट कच्चा कापूस, क्विंटलवर. हे सगळं गणित मी एका रविवारी कागदावर मांडून त्याचा फोटो त्यांना पाठवला. त्यांनी तो गावातल्या सातजणांना पाठवला. झालं! दुसऱ्या दिवसापासून माझी नवी ड्युटी लागली. सकाळी साडेसहाचं स्टँडअप संपलं की व्हॉट्सअॅपवर नानांचा मेसेज: 'आज काय?' आणि मी आकडा टाकायचे. मे २०२२ मध्ये दीडशे सेंटच्या वर असलेला इंडेक्स तोवर धाडधाड खाली आला होता. जगभर लोकांनी कपडे घेणंच कमी केलं होतं. इथल्या हाय स्ट्रीटवर मी स्वतः जॅकेटांवरचे 'सेल, सेल' बोर्ड बघत होते आणि ते बोर्ड आमच्या पुढच्या खोलीपर्यंत पोचतायत हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, नाना, विकून टाका. फरक पडेल तो मी पाठवते. चाळीस क्विंटलला दोन हजारांचा फरक म्हणजे ऐंशी हजार रुपये, आम्ही दोघं कमावतो, काय मोठंसं? तिकडून उत्तर आलं, "पैसा नको धाडू. भाव सांग."

मला तेव्हा जरा राग आलेला. आता वाटतं, त्या सहा महिन्यांत मी नानांशी जितकं बोलले तितकं हिंजवडीत नोकरीला असताना चार वर्षांत बोलले नव्हते. पुण्याहून अमळनेर एका रात्रीचा प्रवास, पण फोन दोन मिनिटांचा असायचा. लिव्हरपूलहून रोज वीस मिनिटं. इंडेक्स, मग पाऊस, मग बोंडअळी, मग शेजारच्याच्या पोरीचं लग्न. तो फ्रिजचा आवाज मला पुन्हा कधी ऐकू आला नाही.

जून २०२३ मध्ये पेरणीला पैसे लागले तेव्हा नानांनी कापूस काढला. भाव सात हजार.

असो. खाण्याचं विचाराल तर लॉज लेनवर जगातली सगळी वाणसामानाची दुकानं आहेत, येमेनी, सोमाली, सगळी. वांगीही मिळतात, पण जांभळी, चकचकीत, आतून स्पंजासारखी. आपल्या जळगावच्या भरताच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांची सर कुठून येणार? तरीही ग्रिलखाली भाजून मी भरीत करते आणि दरवेळी स्मोक अलार्म सगळ्या गल्लीला आमंत्रण देतो. शेवभाजीला मात्र तोड नाही. शेव टिकते, मसाला टिकतो, आणि नवऱ्याच्या वॉर्डमधला एक आयरिश डॉक्टर तर ती ब्रेडबरोबर खातो. केळ्यांचं दुःख बोलूच नये. सुपरमार्केटमधली केळी कोलंबियाची नाहीतर कोस्टा रिकाची, दिसायला सुंदर, चवीला वर्तमानपत्र. रावेर-यावलच्या माणसाला ती खाताना बघवत नाही.

आणि एक गोष्ट इथल्या टीम लंचला मी हमखास सांगते. कुणी 'आउटसोर्सिंग' शब्द काढला की. विप्रो माहितीये ना? ती सुरू झाली २९ डिसेंबर १९४५ ला, आमच्या अमळनेरला. वनस्पती तुपाचा कारखाना होता! लंडनवाले मान डोलवतात. त्यांना वाटतं मी स्काउझरांसारखी फेकतेय.

२०२५ च्या हंगामात पुन्हा तेच चिन्ह दिसायला लागलं. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बाहेरचा कापूस स्वस्तात येणार म्हटल्यावर बाजार मऊ झाला. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये, पण त्यासाठी सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी, ओलावा, नंबर, सगळं आलं. गावात दोन तट पडले, थांबणारे आणि विकणारे. मी रोजचा आकडा टाकतच होते. नाना काही बोलत नव्हते. आणि नोव्हेंबरात एक दिवस काट्याच्या पावतीचा फोटो आला. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला दारातच देऊन टाकला होता, हमीभावाच्या खाली.

मी फोन केला. म्हटलं, नाना, एवढी घाई का? सीसीआयला थोडं थांबला असता तर...

"घरमा जागा पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही येणार शेतस ना डिसेंबरमा."

आम्ही तीन आठवडे गेलो. एक आठवडा धुळ्याला सासरी, दोन आठवडे माहेरी. कंपनीने तिथून काम करायची परवानगी दिली होती. नानांनी पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून ठेवलं होतं, जिथे रेंज येते तिथे बरोबर. बाराचं स्टँडअप मी पहिल्यांदाच बाराला, उजेडात, पोटभर जेवून केलं. कॅमेरा लावला तर पुण्यातल्या पोरांनी ओरडून विचारलं, "अगं, मागे काय बर्फ पडलाय का? लिव्हरपूलला स्नो?"

मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात विकायचा राहिलेला कवडी कापूस होता, गुडघाभर, आणि आई त्यात काहीतरी शोधत बसली होती. तिची चष्म्याची डबी.